चादरीला हात लावता येत नाही तेव्हा

सोलापुरात चादर घेणारा माणूस आधी तिला चिमटीत धरतो. भवानी पेठेत, साखर पेठेत, अशोक चौकात, म्हणजे सोलापूरकर ज्याला पूर्वभाग म्हणतात त्या सगळ्या पट्ट्यात, ही रीत ठरलेली आहे. दुकानदार घडी उलगडतो, गिऱ्हाईक कापड अंगठा आणि बोटाच्या मध्ये चुरडून बघतं, मग पूर्ण चादर हातावर टाकून वजनाचा अंदाज घेतं. नंतर ती उलटी करायची. जेकॉर्डच्या चादरीत मागच्या बाजूलाही तीच नक्षी असते, फक्त रंगांची अदलाबदल होते. तिथे नक्षी पुसट असेल तर विणकर घाईत होता असं समजायचं. शेवटी टोकाची शिवण ओढून बघायची. विकणाऱ्यालाही यात वावगं वाटत नाही. उलट तोच म्हणतो, "हातात घिऊन बघा की ताई."

मोबाईलवर चादर घेताना यातलं काहीच करता येत नाही. चिमूट नाही, वजन नाही, उलटी बाजू नाही. हाती उरतात दोन-चार फोटो, एक किंमत, काही तारे आणि त्या ताऱ्यांखाली अनोळखी माणसांनी लिहून ठेवलेल्या चार ओळी. आपली बोटं जिथे पोचत नाहीत तिथे दुसऱ्याची बोटं पोचली होती, आणि त्याने काय लागलं ते लिहिलं आहे, एवढाच या ओळींचा अर्थ. त्या नीट लिहिलेल्या असतील तर नाशिकच्या माणसाला घरबसल्या सोलापूरच्या कापडाची जाडी कळते. नसतील तर पाच ताऱ्यांची रांगोळी तेवढी दिसते.

चादरीचं उदाहरण मी मुद्दाम घेतलं आहे. सोलापुरात 1877 साली पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि पुढच्या काळात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी इथल्या पेठांमध्ये हातमाग आणि नंतर यंत्रमाग मांडले. आजही भवानी पेठेच्या आसपास घराघरांतून तेलुगू ऐकू येते, बाजारात मराठी आणि थोडी पुढे कन्नड. मोठ्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या, छोटे माग राहिले. त्यांची जाड, टिकाऊ, सुती चादर इतकी गाजली की 2005-06 मध्ये 'सोलापुरी चादर' या नावाला भौगोलिक मानांकन मिळालं. सोलापूरच्या टेरी टॉवेललाही ते आहे. कायद्याच्या भाषेत याचा अर्थ असा की हे नाव आता नुसतं वर्णन राहिलेलं नाही. ते एका ठिकाणच्या उत्पादकांच्या हक्काचं झालं आहे आणि ते कोण वापरतो याची नोंदणी चेन्नईच्या कार्यालयात होते.

एवढं असूनही इथल्या कारखानदारांची एक तक्रार जुनीच आहे: पानिपतकडून येणारी स्वस्त चादर बाजारात सोलापुरी म्हणून खपते. रस्त्याकडेच्या हातगाडीवर हे चाललं तर निदान चिमूट तरी घेता येते. ऑनलाइन बाजारात मात्र विक्रेत्याने मथळ्यात 'सोलापुरी' हा शब्द टाकला की झालं. शब्द टाइप करायला माग लागत नाही.

अर्थशास्त्रात या दुखण्यावर एक प्रसिद्ध निबंध आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी तो 1970 मध्ये प्रसिद्ध केला आणि 2001 मध्ये त्यांना मिळालेल्या नोबेल पारितोषिकाचा पाया तोच मानला जातो. त्यात उदाहरण आहे जुन्या मोटारींचं. विकणाऱ्याला गाडीतली खोट माहीत असते, घेणाऱ्याला नसते. मग घेणारा सगळ्याच गाड्यांना मध्यम किंमत देऊ करतो. त्या किंमतीत चांगली गाडी विकणं मालकाला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो. मागे उरतात त्या खटारा गाड्या. गंमत म्हणजे याच निबंधात अकरलॉफ भारतातल्या गृहिणीपर्यंत येतात: बाजारातल्या तांदळात मुद्दाम मिसळलेले त्याच रंगाचे खडे तिला निवडत बसावे लागतात, याची त्यांनी दखल घेतली आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठीय नियतकालिकात तांदूळ निवडण्याला अशी जागा मिळालेली पाहून आपल्या आज्या खूश झाल्या असत्या.

चादरीचंही तेच होतं. स्क्रीनवर 1400 ग्रॅमची आणि 800 ग्रॅमची चादर सारखीच दिसते. दोन्हींच्या फोटोत तोच मोर, तोच लाल काठ. मग माणूस स्वस्तातली घेतो आणि जास्त सूत घालणारा विणकर मूर्ख ठरतो. हे टाळायचं असेल तर आत काय आहे ते बाहेर कळण्याची काहीतरी सोय हवी. पूर्वी ती सोय म्हणजे ओळखीचा दुकानदार होता. महाराष्ट्रात पुढे ग्राहकांनी स्वतःच एकत्र येऊन ती उभी केली: 1974 मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत आली आणि शेजारपाजारची कुटुंबं संघ करून एकत्र खरेदी करू लागली. एकाने आणलेली तूरडाळ दहा घरांत शिजायची आणि दहा घरांचं मत लगेच कानावर यायचं. 1995 मध्ये अमेरिकेत अ‍ॅमेझॉन नावाच्या नव्या पुस्तकविक्रेत्याने गिऱ्हाइकांना पुस्तकाखाली बरंवाईट लिहायची मुभा दिली. शेजाऱ्यांची ती चर्चा तिथे जगभर पसरली, फक्त शेजारी अनोळखी झाले.

या अनोळखी शेजाऱ्यांच्या बोलण्याला किती वजन आहे? मायकेल लुका या संशोधकाने अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरातल्या उपाहारगृहांची आकडेवारी तपासली आणि 2011 मध्ये निष्कर्ष मांडला: येल्प या संकेतस्थळावर एक तारा वाढला की उत्पन्न 5 ते 9 टक्क्यांनी वाढतं. हा परिणाम साखळी हॉटेलांवर नव्हता, तो होता एकट्यादुकट्या मालकाच्या हॉटेलांवर. ज्याचं नाव आधीच माहीत आहे त्याला ताऱ्यांची गरज नसते. ज्याचं नाव कोणाला ठाऊक नाही, त्याचं पोट ताऱ्यांवर चालतं. भवानी पेठेतला चार मागांचा कारखानदार या दुसऱ्या वर्गातला आहे.

तारा मात्र फार मुका असतो. 2013 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला होता. लेव्ह मुचनिक, सिनान अरल आणि शॉन टेलर यांनी एका बातम्यांच्या संकेतस्थळावरच्या प्रतिक्रियांना, मजकूर न बघता, सुरुवातीलाच एकेक अनुकूल मत देऊन टाकलं. त्या एका खोट्या मतामुळे अंतिम गुणांकन सरासरी 25 टक्क्यांनी फुगलं. आधीच्याने बरं म्हटलं की पुढचाही बरं म्हणतो. म्हणून आपण अभिप्राय लिहायला बसलो की आधी वरचे तारे बघू नयेत. आधी आपलं लिहावं, मग दुसऱ्याचं वाचावं. एवढ्या साध्या शिस्तीनेही बराच फरक पडतो.

आता मूळ अडचणीकडे येतो. माझ्या मते ऑनलाइन अभिप्रायांतला सगळ्यात मोठा दोष खोटेपणा नाही, घाई आहे. चादर दारात येते आणि दोनतीन दिवसांत फोनवर विचारणा होते: कशी वाटली? तारे द्या. जिला दहा-पंधरा वर्षं वापरायची, तिच्याबद्दल तिसऱ्या दिवशी काय सांगणार? त्या दिवशी माणूस खोक्याबद्दल लिहितो, रंगाबद्दल लिहितो, पोरगा वेळेवर घेऊन आला याबद्दल लिहितो. सुती चादरीचा खरा स्वभाव धुण्यात कळतो. नवी असताना ती खळीमुळे कडक लागते, म्हणून पहिल्या आठवड्यात 'टोचते' असं लिहून दोन तारे देणारे पुष्कळ भेटतात. दुसऱ्यातिसऱ्या धुण्यानंतर तीच चादर मऊ पडते. याच्या उलट, हलक्या धाग्याला खळीचा भरणा करून जाड भासवलेली चादर पहिल्या दिवशी छान वाटते, पाच तारे घेते आणि पहिल्याच धुण्यात खळ वाहून गेली की पोतेऱ्यासारखी लोळागोळा होते. म्हणजे घाईचा अभिप्राय बिनचूक उलटा निकाल देतो: चांगलीला दोन आणि वाईटाला पाच.

यावर उपाय सोपा आहे आणि तो कोणी करत नाही. बहुतेक संकेतस्थळांवर आपण लिहिलेला जुना अभिप्राय पुन्हा उघडून बदलता येतो. पहिल्या आठवड्यात फक्त जे मोजता येतं ते लिहावं. धुणं झाल्यावर, एखादा हिवाळा गेल्यावर, त्याच अभिप्रायाखाली तारीख टाकून पुढच्या ओळी जोडाव्यात. सहा महिन्यांनी लिहिलेल्या दोन ओळी तिसऱ्या दिवशीच्या दोन परिच्छेदांना भारी असतात.

जे मोजता येतं ते कसं मोजायचं, ते इथे जरा सविस्तर सांगतो. चादर आली की धुण्याआधी, परत करायची मुदत शिल्लक असतानाच, तिचं वजन करावं. घरात काटा नसेल तर वाणी करून देतो. मग टेप लावून लांबी-रुंदी मोजावी. समजा 60 बाय 90 इंचाची चादर आहे. इंचाचे मीटर केले तर 1.52 गुणिले 2.29, म्हणजे साधारण 3.48 चौरस मीटर कापड झालं. काट्यावर ती 1400 ग्रॅम भरली, तर 1400 ला 3.48 ने भागायचं. दर चौरस मीटरला 400 ग्रॅमच्या आसपास उत्तर येतं. कापडधंद्यात यालाच जीएसएम म्हणतात. टॉवेललाही हाच हिशेब. 30 बाय 60 इंचाच्या टॉवेलचं क्षेत्रफळ 1.16 चौरस मीटर; विक्रेत्याने 500 जीएसएम छापलं असेल तर टॉवेल 580 ग्रॅमच्या जवळ भरला पाहिजे. 400 ग्रॅम भरला तर छापलेला आकडा खोटा. हा भागाकार अभिप्रायात लिहिला की पुढच्या हजार माणसांना तो पुन्हा करावा लागत नाही, आणि विक्रेत्याला त्यावर वादही घालता येत नाही.

दुसरी तपासणी धाग्याची. शिवणीत लोंबणारा एखादा सुटा धागा घ्यायचा, चिमट्यात धरायचा आणि स्टीलच्या ताटलीवर काडी लावायची. सूत कागदासारखं जळतं, वासही कागदाचाच, आणि मागे राखाडी राख उरते ती बोटाने चुरडली की पीठ होते. पॉलिएस्टर ज्योतीपासून आक्रसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर टोकाला कडक मणी होतो. मिश्र धागा असेल तर दोन्ही थोडं थोडं दिसतं. विक्रेत्याने 'शंभर टक्के कॉटन' लिहिलेलं असताना तुमच्या ताटलीत काळा मणी पडला असेल, तर त्या मण्याचा फोटो हाच अभिप्राय. त्याखाली एक ओळही पुरते.

पण धागा सुती निघाला म्हणून चादर सोलापूरची ठरत नाही. सूत पानिपतलाही आहे. इथे काडी काम करत नाही, लेबल करतं. वेष्टित वस्तूंबाबतच्या 2011 च्या नियमांनुसार पुडक्यावर बनवणाऱ्याचं, बांधणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव आणि पत्ता असावा लागतो. तो पत्ता वाचावा. सोलापूरचा आहे का, की दुसऱ्याच राज्यातल्या गोदामाचा? लेबलचा नीट दिसणारा फोटो टाकावा. 'सोलापुरी चादर' अशा नावाखाली दिसणाऱ्या हजारो ताऱ्यांमधून जे कळत नाही ते या एका फोटोतून कळतं. जे लोक चादरीला पाच तारे देतात त्यांनी ती आवडली म्हणून दिलेले असतात. ती कुठली आहे हे त्यांनी तपासलेलं नसतं. नकली मालाला प्रामाणिक गिऱ्हाइकाने दिलेले पाच तारे हा मानांकनाला बसणारा सगळ्यात मोठा फटका आहे, कारण त्यात खोटं कोणीच बोललेलं नसतं.

नेहमी दिसणारा अभिप्राय असा असतो: 'मस्त चादर, पैसा वसूल, डिलिव्हरी फास्ट, धन्यवाद.' मनापासून लिहिलेला आहे, पण वाचणाऱ्याला त्यातून चादरीबद्दल काही मिळत नाही. आता तीच चादर घेतलेला दुसरा कोणी असं लिहितो, समजा:

'डबल, मरून रंग, 60 बाय 90 म्हणून मागवली. मोजली तर 59 बाय 88 भरली. वजन 1,350 ग्रॅम. धागा जाळून पाहिला, सुती आहे. लेबलवर सोलापूरच्या कारखान्याचा पत्ता आहे, फोटो टाकला आहे. पहिल्या धुण्यात रंग बराच गेला, पांढऱ्या कपड्यांबरोबर भिजवू नका. दुसऱ्यांदा गेला नाही. लांबीत दोन इंच आटली. सहा फुटाच्या माणसाला पांघरायला पाय उघडे पडतात, अंथरायला उत्तम. पुण्याच्या थंडीत एकटी पुरते, महाबळेश्वरला नेली तर वर आणखी काहीतरी लागेल. एका टोकाची शिवण उसवलेली होती, घरी मारून घेतली. चार तारे.'

यात कौतुक कुठेच नाही आणि तरी चादर विकली जाईल. ज्याला अंथरायला हवी तो घेईल, उंच माणूस घेणार नाही, आणि दोघंही समाधानी राहतील. परत पाठवण्याचा खर्चही वाचला. 'कोणासाठी चांगली' हे लिहिणं 'चांगली' लिहिण्यापेक्षा कितीतरी उपयोगी.

सुसान मुदंबी आणि डेव्हिड शफ यांनी 2010 मध्ये अ‍ॅमेझॉनवरचे सुमारे 1,600 अभिप्राय घेऊन नेमकं हेच तपासलं होतं: लोकांना कोणते अभिप्राय उपयोगी वाटतात? सविस्तर लिहिलेले, हे पहिलं उत्तर अपेक्षितच होतं. दुसरं जास्त रंजक आहे. ज्या वस्तूची पारख वापरल्यावरच होते, तिच्या बाबतीत टोकाचे एक किंवा पाच ताऱ्यांचे अभिप्राय मधल्या अभिप्रायांपेक्षा कमी उपयोगी वाटले. चादर याच जातीची वस्तू. पंचाईत अशी की मध्यम मताचा माणूस लिहायला बसतच नाही. जो हरखला तो लिहितो, जो चिडला तो लिहितो, आणि ज्याला 'ठीक आहे, पण' म्हणायचं असतं तो चहा प्यायला जातो. तोच 'पण' आपल्याला हवा असतो. तेव्हा वाचताना तीन-चार ताऱ्यांचे अभिप्राय आधी उघडावेत आणि त्यात दम असेल तर 'उपयुक्त' हे बटण दाबावं, म्हणजे ते वर येतात. हे बटण म्हणजे अभिप्रायावरचा अभिप्राय; न लिहिता केलेली ही मदत आळशी माणसालाही जमण्यासारखी आहे.

लिहिताना तीन गोष्टींची गल्लत सर्रास होते: वस्तू, विकणारा आणि पोचवणारा. खोकं फाटलं, पोरगा तिसरा मजला चढला नाही, दोन दिवस उशीर झाला, हे सगळं खरं असेल. पण चादरीला एक तारा देऊन त्याची शिक्षा विणकराला होते. विक्रेत्याबद्दल आणि पोचवण्याबद्दल तक्रार करायची जागा बहुधा वेगळी असते, ती शोधावी. शिवाय एकाच चादरीच्या पानावर अनेक विक्रेते असू शकतात आणि सिंगल, डबल, लाल, निळी अशा सगळ्यांचे अभिप्राय एकाच ढिगात पडतात. म्हणून आपण कोणता आकार, कोणता रंग आणि कोणत्या विक्रेत्याकडून घेतला हे पहिल्याच ओळीत लिहावं. या ढिगाचा गैरफायदाही घेतला जातो. जुन्या, नावाजलेल्या मालाच्या पानाला नवा माल जोडायचा, म्हणजे जुन्याचे तारे नव्याला आयते मिळतात. अमेरिकेत याच प्रकारासाठी 2023 मध्ये जीवनसत्त्वांच्या गोळ्या विकणाऱ्या बाउंटिफुल कंपनीला तिथल्या व्यापार आयोगासमोर 6 लाख डॉलर मोजावे लागले. एखाद्या चादरीखाली कोणी मिक्सरच्या भांड्याची तारीफ केलेली दिसली तर आपण काय समजायचं ते उघड आहे.

पुडक्यातून कधीकधी एक रंगीत कार्ड निघतं: पाच तारे द्या, स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅप करा, 100 रुपये खात्यावर मिळवा. रक्कम छोटी, कष्ट शून्य, आणि चादरही बरीच बरी असते, मोह होतो. पण हे 100 रुपये चादरीच्या किंमतीतच धरलेले असतात, म्हणजे ते आपलेच. आणि पुढचा जो घेणार आहे त्याच्यापुढे आपण पैसे घेऊन साक्ष दिलेली असते. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनी विक्रेत्याला स्वतः ग्राहक असल्याचं भासवून अभिप्राय लिहायला मनाई केली आहे. 2022 च्या नोव्हेंबरात भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस 19000 हे मानक आणलं. लिहिणारा खरा आहे याची पडताळणी करावी, मागून घेतलेला आणि आपणहून आलेला अभिप्राय वेगळा ओळखता यावा, लिहिलेल्यात फेरफार करू नये, अशा गोष्टी त्यात आहेत. ते आलं ते ऐच्छिक म्हणून, ही त्याची मर्यादा. अमेरिकेने खोट्या आणि विकत घेतलेल्या अभिप्रायांवर थेट बंदी घालणारा नियम 21 ऑक्टोबर 2024 पासून लागू केला, ब्रिटनने 2025 च्या एप्रिलपासून.

याच कार्डाचं एक भयंकर भावंड आहे, तेही सांगून टाकतो. घरबसल्या हॉटेलांना तारे द्या आणि दर ताऱ्यामागे पैसे मिळवा, असा निरोप अनोळखी क्रमांकावरून येतो. पहिले दोन-तीन दिवस खरंच शे-दोनशे रुपये जमा होतात. मग 'मोठं काम' मिळण्यासाठी आधी पैसे भरायला सांगतात, आणि ते गेले की गेले. महाराष्ट्रभरच्या सायबर पोलिसांकडे अशा तक्रारींची रीघ लागलेली असते. अशी फसवणूक झाली तर ताबडतोब 1930 वर फोन करावा. उशीर झाला तर पैसे खात्याखात्यांतून पसार होतात.

खोटा अभिप्राय ओळखता येतो का? कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये शिकागोच्या 20 हॉटेलांचे 400 खरे आणि 400 मुद्दाम लिहवून घेतलेले खोटे अभिप्राय जमवले आणि त्यातले काही माणसांपुढे ठेवले. माणसांचा निकाल छापा-काट्याच्या जवळपास लागला. त्यांच्या संगणकी पद्धतीने मात्र दहातले नऊ ओळखले. खोटं लिहिणारे सहलीबद्दल, नवऱ्याबद्दल, एकूण मजेबद्दल भरभरून लिहीत होते. खरे लोक खोली किती लहान, मोरी कुठे, मजला कोणता, असलं रूक्ष लिहीत होते, कारण ते तिथे राहून आले होते. आज यंत्राला सांगितलं तर ते मोरीबद्दलही झकास लिहून देतं. म्हणून तर वजनकाट्याचा आणि लेबलचा फोटो महत्त्वाचा.

वाईट अनुभव लिहिताना हात आखडू नये, फक्त जे पाहिलं तेच लिहावं. 'हे लोक चोर आहेत' असं लिहिण्यात धोका आहे. ते सिद्ध करायची पाळी आपल्यावर येऊ शकते. '1400 ग्रॅम लिहिलं होतं, 900 भरली' यात तो धोका नाही आणि घाव मात्र जास्त खोल बसतो. आणखी एक आहे. पूर्वभागातले कित्येक मागवाले व्यापाऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर विणतात. स्क्रीनवरच्या विक्रेत्याला त्यांनी कधी पाहिलेलंही नसतं. 'बकवास' या शब्दातून त्यांच्यापर्यंत काहीच पोचत नाही. 'डाव्या काठाला तीन ठिकाणी उभा धागा तुटलेला' हे पोचलं तर कोणत्या मागावर ही चूक होते ते शोधता तरी येतं.

भाषेचा संकोच नको. 2020 च्या शेवटी मोठ्या खरेदी-संकेतस्थळांवर मराठी हवी म्हणून महाराष्ट्रात आंदोलन झालं, 2021 मध्ये त्यांच्या अ‍ॅपवर मराठी आलीही. तरी चादरीखाली आपण लिहितो ते 'नाइस प्रॉडक्ट'. चादर 'भरीव' आहे, 'विरविरीत' आहे, रंग 'विटला', काठ 'चुरगळतो', कापड 'चरबट' लागतं: कापडाबद्दल नेमकं बोलायला मराठीत शब्दांची कमी नाही, आणि सोलापुरी चादर घेणाऱ्यांत मराठी वाचणारेच जास्त. ज्याला तेलुगू किंवा कन्नड जवळची, त्याने तीत लिहावं. आकडे सगळ्यांना वाचता येतात.

विक्रेत्याने ऐकलंच नाही, पैसे अडकले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. तक्रारीबरोबर ऑर्डरचा क्रमांक आणि वर सांगितलेले फोटो तयार ठेवा. आणि ज्यांचं सगळं सुरळीत झालं आहे त्यांच्याकडे एक मागणं: वर्षभरापूर्वी मागवलेली एखादी चादर, टॉवेल, कुकर, जे काही अजून घरात वापरात असेल, त्याची जुनी ऑर्डर आज उघडा आणि ते आता कसं आहे हे दोन ओळींत लिहा.